झुडपाने डोळे उघडले

"जरा एका जागी उभं राहा की ओ! मघाशी छाती अडतीस आली, आता बेचाळीस येतीया. मधी काय फुगा गिळलासा काय?"

शालनने टेप गळ्यात टाकला आणि नवऱ्याकडे पाहिलं. बसवंत या पायावरून त्या पायावर डुलत होता. डाव्या हाताने खिडकीची कडी काढत होता आणि उजव्या हाताने तीच कडी लावत होता. शिवणाच्या मशीनपाशी पोत्यांचा, काथ्याचा आणि एका जुन्या हिरव्या साडीच्या चिंध्यांचा ढीग पडला होता. त्यातून उद्या सकाळपर्यंत लष्करी निशाणेबाजाचा पोशाख तयार व्हायचा होता. अंगात घालून माणूस आडवा झाला की तो माणूस न वाटता झुडूप वाटला पाहिजे, अशी दिग्दर्शकाची अट होती.

"चाळीस धर," बसवंत म्हणाला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच फ्रिज उघडून आला.

बसवंत मगदूम मूळचा निपाणीचा. बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तो बावीस वर्षं माल तपासायला होता. हे काम बसून करायचं असतं. समोरच्या ट्रेमधून एकेक दांडा उचलायचा, मापून बघायचा, चांगला तर इकडे ठेवायचा, वाईट तर तिकडे. पण बसवंत दहा दांडे मापले की चहाच्या मशीनपाशी जायचा, पुढचे दहा मापले की फाटकावरच्या वॉचमनची खुशाली विचारायला जायचा. मॅनेजर शिवकुमार म्हणायचे, "आपल्याकडे सगळ्या खुर्च्या मोडल्या, बसवंतांची तेवढी नवी कोरी राहिली आहे."

अशा माणसाचा सिनेमाशी संबंध आला तो निहारमुळे. निहार पुण्याचा, कोरमंगलात राहणारा. सोमवार ते शुक्रवार तो कुठल्याशा कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा आणि शनिवार-रविवारी युद्धपट काढायचा. दोन वर्षांपूर्वी बंदुकीसाठी नळी कापून घ्यायला तो बोम्मसंद्र्यात वणवण करत होता. कुणी दाद देईना तेव्हा तो वैतागून मराठीत जे काही पुटपुटला, ते चहाच्या मशीनपाशी निघालेल्या बसवंतने ऐकलं. बसवंतने त्याला नळी कापून दिली, तिच्यावर दुर्बीण बसवून दिली, आणि "सैनिक लागतात काय?" असंही विचारून घेतलं.

त्या सिनेमाचं नाव होतं 'आठशे मीटर'. एक जवान आठशे मीटरवरून शत्रूच्या जनरलला टिपतो, एवढीच गोष्ट. त्यात जवान एका साथीदाराच्या पाठीवर बंदूक टेकवून नेम धरतो. ती पाठ बसवंतची होती. चार मिनिटं ती पडद्यावर होती आणि चारही मिनिटं बंदूक खाली-वर होत होती. निहारने शेवटी मागे वादळाचा आवाज घातला. कारखान्यात सगळ्यांनी सिनेमा मोबाइलवर पाहिला आणि "पाठ फार छान होती" असं सांगितलं. बसवंतला ते लागलं.

म्हणून 'आठशे मीटर – भाग दोन'मध्ये खुद्द निशाणेबाजाचं काम मिळाल्यावर त्याने ती बातमी निपाणीला बहिणीला कळवली, कारखान्यात कळवली, भाजीवाल्याला कळवली. पहिल्या भागातला हिरो सुहास लग्न करून गुरगावला निघून गेला होता. निहारने गोष्टीत त्याला जखमी करून दवाखान्यात ठेवलं आणि त्याच्या जागी त्याचा गुरू, सुभेदार, आणला. सुभेदाराला खरी मिशी हवी होती. निहारच्या ओळखीत खरी मिशी असलेला एवढा एकच माणूस होता.

"खरं, पहिल्या भागात जनरल मेलता नव्हं?" शालनने एकदा निहारला विचारलं होतं.

"हा त्याचा ट्विन ब्रदर आहे, काकू."

"आणि हे पण आठशे मीटरवरनंच मारणार?"

"हो."

"मग दुसऱ्या भागाचं नाव सोळाशे मीटर का न्हाई?"

निहारने मोबाइलमध्ये काहीतरी लिहून घेतलं.

रविवारी सकाळी सात वाजता टेम्पो ट्रॅव्हलर होसकोटेच्या पुढच्या एका दगडाच्या खाणीपाशी पोचला. खाण काही महिने बंद होती, पण सोमवारपासून तिथे पुन्हा सुरुंग लागणार होते. त्यामुळे जे काही चित्रीकरण करायचं ते आजच, उजेड आहे तोवर. मंडळी मोजकीच होती. निहार होता. कॅमेऱ्यावर प्रियदर्शनी होती, ती जन्मापासून बेंगळुरूची, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड. शत्रूचे सैनिक म्हणून निहारच्या ऑफिसातले चौघे होते, आणि जुळ्या जनरलच्या भूमिकेत त्याचा खोलीतला जोडीदार अवधूत. शालन आली होती ती दोन कारणांनी. पोशाख कुठे उसवला तर टाके घालायला, आणि सगळ्यांसाठी केलेला चित्रान्नाचा, म्हणजे लिंबूभाताचा, डबा दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यायचा तिला धीर झाला नव्हता.

निहारने बसवंतला एका कातळावर नेलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "काका, आपली पूर्ण फिल्म या एका शॉटवर उभी आहे. कॅमेरा लांबून हळूहळू येणार. सगळीकडे दगड, झाडं, एकदम शांतता. ऑडियन्सला वाटतं, इथे कुणीच नाही. कॅमेरा एका झुडपापाशी येतो. आणि ते झुडूप डोळे उघडतं. दॅट्स इट. पन्नास सेकंद. तुम्ही फक्त हलायचं नाही."

"फक्त हलायचं न्हाई," बसवंतने मान डोलावली.

"मान पण नाही."

"न्हाई न्हाई," म्हणत बसवंतने पुन्हा मान हलवली.

पोशाख चढवून तो आडवा झाला. प्रियदर्शनीने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि म्हणाली, "अण्णा पायपुसण्यासारखे दिसतायत. स्वल्प खरा पाला लावूया." मग खाणीच्या कडेच्या सुबाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि शालनने त्या दोऱ्याने जागोजाग अडकवल्या. काथ्याची दाढी लागली. आता खरंच काही कळेना. अवधूत त्याच्यावर पाय देऊनच पुढे गेला.

"ॲक्शन!"

बारा सेकंद सगळं ठीक चाललं होतं. तेराव्या सेकंदाला झुडपाचं एक टोक थरथरू लागलं.

"कट! काका, पाय."

"हाललं काय?"

"काका, झुडूप आहे ते. सायकल चालवतंय असं दिसतंय."

दुसऱ्या वेळी पायांवर वाळूची दोन पोती ठेवली. पाय थांबले तशी बोटं सुरू झाली. बंदुकीच्या नळीवर टकटक टकटक असा ठेका थेट माइकमध्ये उतरला. तिसऱ्या वेळी हात बंदुकीला दोरीने बांधले. मग बसवंत तोंडातल्या तोंडात आकडे मोजायला लागला आणि दाढी वरखाली व्हायला लागली.

"मोजू नका ना, काका!"

"पन्नास कधी झाले ते कळाया नको काय?"

"मी सांगतो ना! तुम्ही मनात मोजा."

"मनात मोजलं की चुकतंय."

चौथी खेप, पाचवी खेप. साडेअकरा वाजले. शत्रूचे सैनिक सावलीत बसून मोबाइल बघू लागले. जनरल अवधूतचा गणवेश घामाने काळा पडला होता आणि तो "माझा सीन आधी घे ना" म्हणून मागे लागला होता. त्याचा सीन म्हणजे लांबून चालत यायचं आणि मरायचं. निहार येरझाऱ्या घालत होता, टोपी काढत होता, घालत होता. बसवंतची बेचैनी आता साथीसारखी सगळ्यांना लागली होती. फक्त प्रियदर्शनी कॅमेऱ्यामागे होती तिथे होती, पण तिचंही लक्ष सारखं सूर्याकडे जात होतं.

निहारला एक कल्पना सुचली. त्याच्या मोबाइलवर ध्यान करायला शिकवणारं काहीतरी होतं. ते त्याने बसवंतच्या कानापाशी ठेवलं. एक संथ आवाज हिंदीत सांगू लागला की श्वासाकडे लक्ष द्या, मनात विचार आले तर येऊ द्या.

बसवंतने विचार येऊ दिले. पहिला आला तो गॅसचा. दुसरा, परसदारच्या नळाचा. तिसरा विचार आला तसा तो पोत्यांसकट बसता झाला.

"शालन! माझा फोन आण. शनिवारच्या नापास लॉटवर लाल चिठ्ठी लावायची राहिली!"

"आज रविवार हाय. कोण उचलणार फोन?"

"वॉचमन उचलंल की!"

वॉचमनने फोन उचलला. लाल चिठ्ठी लावलेली होती, बसवंतनेच लावली होती. तरी त्याने वॉचमनची खुशाली विचारून घेतली. फोन ठेवल्यावर निहारने हात जोडले आणि सांगितलं की जेवण उरकून घेऊ, मग शेवटचा प्रयत्न करू. जेवायला सोडावं म्हटलं, तर दोऱ्या आणि टाके काढून पुन्हा घालण्यात तास गेला असता. म्हणून बसवंतला तसंच ठेवलं, शालनने दोन घास भरवले, आणि बाकीचे पलीकडच्या पिंपळाखाली डब्याभोवती बसले.

तेवढ्यात खाणीच्या वरच्या अंगाने शेळ्या आल्या.

वीस-पंचवीस शेळ्या असतील. त्यांच्या मागे डोक्याला टॉवेल गुंडाळलेली एक म्हातारी बाई होती. शेळ्यांना त्या ओसाड कातळावर ताजी, कोवळी, हिरवीगार सुबाभूळ एका जागी ढीग करून ठेवलेली दिसली. त्यांनी कुणाला विचारलं नाही.

पहिल्या शेळीने खांद्यावरची फांदी ओढली तेव्हा बसवंतला वाटलं, शालन टाका घालायला आली. "जरा वर ओढ, टोचतंय," तो म्हणाला. उत्तरादाखल मानेवर एक ओला श्वास आला. त्याने डोळे फिरवले, तर चार इंचांवर एक पिवळा डोळा त्याच्याकडे बघत होता.

"ए! हाट! हाट्!"

पण हाट म्हणायला हात लागतो आणि हात बंदुकीला बांधलेले होते. पाय झाडायचे तर त्यांच्यावर वाळू होती. सकाळपासून ज्या माणसाला जग ओरडून सांगत होतं की हलू नको, त्याला आता जीव खाऊन हलायचं होतं, आणि बोट हलवता येत नव्हतं. शेळ्या आजूबाजूने दाटल्या. एकीने पाठीवर चढून वरचा पाला धरला. दुसरीने साडीची चिंधी चाखून पाहिली. तिसरीने काथ्याची दाढी धरली आणि ती चांगलीच चिकटवलेली असल्यामुळे तिच्याबरोबर बसवंतचं तोंडही ओढू लागली.

"शालन! अगं शालन! खाल्लं मला!"

म्हातारी धावत आली. झुडूप ओरडतंय हे पाहून ती जागच्या जागी थांबली, तिने दोन्ही हात छातीला लावले आणि किंचाळली, "अय्यो! गिड माताडता इदे!"

पिंपळाखाली निहारने विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

"झुडूप बोलालंय म्हणतीया," शालन म्हणाली, आणि हातातला डाव तसाच घेऊन पळत सुटली.

शालनने डावाने शेळ्या हाकलल्या, निहारने पोती ओढली, अवधूतने दोऱ्या सोडल्या. शत्रूसैन्यानेही मदत केली. बसवंत उभा राहिला तेव्हा पोशाखाचा अर्धा भाग शेळ्यांच्या पोटात होता, अर्धी मिशी दाढीबरोबर गेली होती, आणि ओढाताणीत एक फांदी लागून उजवा डोळा टोमॅटोसारखा लाल झाला होता. त्यातून सारखं पाणी वाहत होतं. म्हातारी शालनची माफी मागत होती, शालन म्हातारीला पाणी देत होती. थोड्या वेळाने माणूस आत आहे हे पटल्यावर म्हातारीने त्याच्या डोळ्याची चौकशी केली आणि मोठ्याने हसत शेळ्या घेऊन गेली.

प्रियदर्शनीने बसवंतच्या डोळ्यात पाणी मारलं, आत फांदीचा तुकडा राहिला नाही ना ते नीट पाहिलं. "लागलं नाहीये फार, अण्णा. उद्यापर्यंत उतरेल. पण आज क्लोजअप नाही."

"आजच आहे," निहार खाली बसला. "उद्या इथे ब्लास्टिंग आहे. फेस्टिवलची लास्ट डेट बुधवार आहे. आजच आहे, प्रिया."

दोन वर्षांचे शनिवार-रविवार त्याने यात घातले होते, एकदाही घरी पुण्याला गणपतीला गेला नव्हता. बसवंतला ते ठाऊक होतं. ओला रुमाल डोळ्यावर धरून तो एका दगडावर जाऊन बसला. निपाणीला काय सांगायचं, शिवकुमारांना काय सांगायचं, हे त्याला सुचेना. या वेळेला तर पाठसुद्धा दिसणार नव्हती.

सगळ्यांनी हात टेकले होते. शालन तेवढी फाटका पोशाख मांडीवर घेऊन बसली होती. सुईत दोरा ओवण्यासाठी तिने सुई उन्हाकडे धरली होती आणि नजर सुईच्या नेढ्यावर लावली होती. हात स्थिर, मान स्थिर. प्रियदर्शनीने सहज कॅमेरा तिच्याकडे वळवला. मग ती हळूच म्हणाली, "निहार, इकडे ये. बघ. पापणी हलली नाहीये अजून."

"कुणाची?"

"अक्कांची."

निहारने पाहिलं. मग तो उठून शालनपाशी गेला आणि दोन पायांवर बसून म्हणाला, "काकू, तुम्ही जरा तिथे झोपाल का?"

"मी? तिथं? उन्हात?"

"पन्नास सेकंद. तोंड झाकलेलं असेल. फक्त डोळे."

"अय्यो, कायतरीच! चौघांत कातळावर आडवी पडू काय मी? आणि ह्यांचं काम हाय ते."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. बसवंतने रुमालाआडून एका डोळ्याने निहारकडे पाहिलं, मग सूर्याकडे, मग तिच्याकडे. "जा," तो म्हणाला. "पोराचं काम होऊ दे."

उरल्यासुरल्या पोत्यांतून तिने वीस मिनिटांत पोशाख उभा केला. या वेळी सुबाभूळ नाही, घाणेरीचा पाला लावला, जो शेळी तोंडात धरत नाही. ही सूचना जाता जाता म्हातारीनेच केली होती. तोंडावर जाळी बांधली. शालन कातळावर आडवी झाली, बंदुकीच्या दुर्बिणीमागे गाल टेकवला, आणि नाहीशी झाली.

"ॲक्शन."

कॅमेरा लांबून निघाला. दगड, खुरटी झाडं, ऊन. वारासुद्धा पडला होता. पन्नास सेकंद झाले, साठ झाले. कॅमेरा झुडपापाशी आला आणि थांबला. झुडपाने डोळे उघडले. त्या नजरेत असं काही होतं, की लांब उभा असलेला अवधूत न सांगता एक पाऊल मागे सरला.

"कट," निहार कुजबुजला. मग ओरडला, "कट! कट! झालं! काकू, झालं!"

सगळे टाळ्या वाजवू लागले. झुडूप हललं नाही.

"काकू?"

बसवंत रुमाल टाकून धावला. "शालन! ऊन लागलं काय ग?"

"न्हाई ओ," झुडपातून शांत आवाज आला. "सगळी कट कट म्हणालीत. ऊठ कुणी म्हणलंच न्हाई."

तिला उठवून पाणी दिल्यावर प्रियदर्शनीने विचारलं, "अक्का, कसं जमलं तुम्हाला? काय विचार करत होता?"

"विचार कसला? पडायला मिळालं. एवढा वेळ कुणी हाक मारली न्हाई बघ." मग पदर सारखा करत ती निहारला म्हणाली, "नाव मात्र ह्यांचंच घाला. सगळ्यांना सांगून बसलेत. आणि मी खाणीत पडलेली आमच्या नणंदेला कळाया नको."

परतीच्या वाटेवर बसवंत टेम्पोच्या शेवटच्या बाकावर बसला होता. कुणाला कळणार नाही याचं त्याला बरं वाटत होतं आणि बरं वाटतंय याचं वाईट वाटत होतं.

दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, मराठी मंडळींच्या एका छोट्या सभागृहात 'आठशे मीटर – भाग दोन' दाखवला गेला. शंभर खुर्च्या होत्या, दीडशे माणसं आली. शिवकुमार सहकुटुंब आले होते. निपाणीहून बहीण आली होती. सिनेमा चाळीस मिनिटांचा. पहिली तीस मिनिटं लोक अधूनमधून हसले, जिथे हसायचं नव्हतं तिथेही. मग ती खाण आली. दगड, झाडं, शांतता. सभागृहात चुळबुळ थांबली. आणि झुडपाने डोळे उघडले.

पुढच्या रांगेतलं एक लहान मूल रडायला लागलं. मागून शिट्ट्या आल्या. जनरल धारातीर्थी पडला आणि पडद्यावर ठळक अक्षरांत नाव आलं – सुभेदार : बसवंत मगदूम.

दिवे लागल्यावर शिवकुमार बसवंतकडे जवळजवळ पळत आले. दोन्ही हात धरून कन्नडमध्ये म्हणाले, "बसवंत, बावीस वर्षं तुम्ही माझ्या हाताखाली आहात. आणि मी तुम्हाला ओळखलंच नाही. काय ते डोळे!" बहीण डोळे पुसत होती. निहारने बसवंतला मंचावर बोलावलं आणि हातात माइक दिला.

बसवंतने खाली पाहिलं. तिसऱ्या रांगेत शालन बसली होती आणि मान हलवून 'गप्प बसा' असं खुणावत होती. लोक वाट बघत होते. त्याला ते सहन होईना.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "ते डोळे माझे न्हाईत. माझ्या बायकोचे हाईत."

मग कुणीतरी "वाऽऽ" म्हणालं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"न्हाई न्हाई, म्हणजे खरंच तिचे हाईत. मला शेळ्यांनी—"

पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. शिवकुमारांच्या बायकोने नवऱ्याला कोपराने ढोसून "शिका जरा" म्हटलं. दोन बायका शालनला येऊन म्हणाल्या की असं चारचौघांत बायकोला श्रेय देणारा नवरा मिळायला नशीब लागतं. बहिणीने सांगितलं, "वहिनी, बघितलंसा? आमचा दादा लहानपणापास्नं असाच."

"व्हय," शालन म्हणाली. "लई चांगले हाईत."

सोमवारी कारखान्यात बसवंतने पुन्हा खरं सांगायचा प्रयत्न केला. खाण, पोती, शेळ्या, सगळं सांगितलं. लोक पोट धरून हसले आणि म्हणाले, बसवंतअण्णा इतके मोठे झाले, तरी स्वतःवर विनोद करतात. जितकं खरं सांगावं तितका त्याचा मोठेपणा वाढू लागला. शेवटी त्याने नाद सोडला.

पुढच्या महिन्यात सुरक्षा सप्ताह आला. शिवकुमारांनी निहारला परस्पर फोन करून त्या दृश्याचं छायाचित्र मागवलं. निहारने आनंदाने पाठवलं. सोमवारी बसवंत कामावर आला, तर त्याच्या टेबलासमोरच्या भिंतीवर सहा फुटी पोस्टर लागलं होतं. त्यावर जाळी, पाला, आणि मधोमध दोन डोळे. खाली कन्नड आणि हिंदीत लिहिलं होतं : लक्ष कामावर ठेवा.

दहा दांडे मापून झाल्यावर बसवंत सवयीने उठला. समोर पाहिलं. परत बसला. चहाच्या मशीनकडे जायचं तर भिंतीसमोरून जावं लागत होतं आणि कुठल्याही बाजूने गेलं तरी डोळे बरोबर येत होते. गुरुवारपर्यंत त्याचा दिवसाचा माल दुपारी दोनलाच संपायला लागला. शुक्रवारी तो शिवकुमारांच्या केबिनमध्ये गेला.

"सर, ते पोस्टर दुसरीकडं लावता येईल काय?"

"का? स्वतःच्याच डोळ्यांची भीती वाटते?"

"सर, ते बायकोचे हाईत."

"माहीत आहे हो," शिवकुमार हसले. "आमच्या घरी महिनाभर तेच एक वाक्य ऐकतोय मी."

संध्याकाळी शालन भाकऱ्या थापत होती. बसवंत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"शालन, खाणीत त्या वेळी तू नेमकं बघालतीस कुठं?"

"का?"

"असंच. सगळी विचारालीत. शत्रूवर काय नजर ठेवलीया म्हणतात."

"कुठला शत्रू? अवधूत तिकडं लांब चहा पीत उभारलेला." तिने भाकरी तव्यावर टाकली. "तुम्हाला बघालते. कॅमेऱ्याच्या मागं दगडावर बसलेलासा की, डोळ्याला रुमाल लावून. म्हटलं आता उठणार, आता मधी येणार, पोराचं काम बिघडवणार. नजरच काढली न्हाई मग तुमच्यावरनं."

बसवंत दाराच्या कडीशी चाळा करू लागला.

"पोस्टर काढणार हाईत काय?" तिने विचारलं.

"न्हाई. माल चांगला तपासून होतोय म्हणाले. कायमचं ठेवालेत."

"सरी, ऱ्हाऊ दे," शालन म्हणाली. "भाकरी गरम हाय. बसा."

बसवंत बसला.